बोलत राहा, जावईबापू

माझी सासुरवाडी चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर पट्ट्यातलं गाव. चैत्रात तिथली माणसं पहाटे टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला जातात. मामेसासरे मलाही नेतात. मला फुलं वेचता येतात असा त्यांचा गैरसमज नाही. पण कळपात एक माणूस जास्त असलेला बरा.

मोहाची फुलं रात्री गळतात आणि ती माणसाइतकीच अस्वलालाही आवडतात. फुलं वेचणारा वाकलेला. वाकलेला माणूस वाघ-बिबट्याला चौपायासारखा दिसतो, म्हणून मधूनमधून ताठ उभं राहायचं. माझी कंबर हा नियम आपणहून पाळते.

वाघ मागून येतो, हे वाचून मी एक सूचना केली. सुंदरबनात १९८६ साली लोकांनी डोक्याच्या मागे मुखवटे बांधले होते. चेहरा दिसला की वाघ बिचकतो, आणि सुरुवातीला उपाय चांगला लागूही पडला. मामेसासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "एकाच बाजूनं असू द्या जी," त्या म्हणाल्या. "पोरगी आमचीच आहे, तिचाही विचार करा."

गव्याचं सोपं असतं. टनभर वजनाच्या प्राण्याशी वाटेच्या हक्कावरून वाद घालायचा नाही, वाट त्याची. खरी धास्ती अस्वलाची. शाळेत आपण शिकलो की मेल्याचं सोंग घेतलं की अस्वल कानात उपदेश करून जातं. मामा म्हणाले, "उपदेश करील, पन कान ठेवील का?" गावात चेहऱ्यावर अस्वलाच्या भेटीची खूण बाळगणारे एक आजोबा आहेत, त्यामुळे ही थट्टा नव्हती. अस्वलानं पाडलंच तर पालथं पडून मान आणि चेहरा हातांनी झाकायचा, एवढाच त्या गोष्टीचा उपयोगी भाग.

मुळात अस्वलाची नजर मंद, कानही बेताचे. वाळवीच्या वारुळात तोंड खुपसलं की त्याला जगाचं भान नसतं. अचानक पुढ्यात माणूस दिसला की ते घाबरतं आणि घाबरलं की अंगावर येतं. "थ्याले आधीच कळू द्या का आपन येऊन राह्यलो," मामा म्हणाले. "बोलत राहा, जावईबापू."

आता पहाटेच्या अंधारात, पोटात चहाही नसताना, काय बोलणार? आमच्या पुण्याचे हौशी लोक तर जंगलात पक्षी दिसावेत म्हणून शिंकही गिळतात. मी हवामान संपवलं, पुण्यातली वाहतूक संपवली. मग प्राप्तिकराची जुनी पद्धत चांगली की नवी, हा विषय काढला आणि वजावटीची कलमं एकेक करून सांगू लागलो.

पुढच्या झाडीत काहीतरी जड खसफसलं आणि खसफस लांब लांब जात नाहीशी झाली.

मामा टोपली सावरत म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. त्या कलमाचं काय म्हनत होते?"