बिनसाबणाची आत्या

मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या प्रत्येक आळीत अशी एक आत्या असते. भाचे असोत-नसोत, सगळी आळी तिला आत्याच म्हणते. तिच्याकडे बिडाचा तवा असतो आणि घरातल्यांची ओळख ती तव्याच्या नात्याने करून देते. "ही धाकटी सून. हिनं एकदा तवा रात्रभर ओला ठेवलावता." सून येऊन बारा वर्षं झाली, पण ओळख तीच.

तव्याचं वय विचारू नये. याच तालुक्यातून नाणेघाट चढतो; तिथले सातवाहनांचे लेख दोन हजार वर्षांचे, आणि आत्याचं ऐकलं तर तवा त्याच सुमाराचा. खरं म्हणजे तिचे सासरे म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला गेले, बैल जमला नाही, म्हणून तवा घेऊन आले. बीड वाकत नाही, पडलं तर फुटतं. आळीच्या मते आत्याही बिडाचीच.

नवा तवा कसा मुरवायचा, एवढं विचारा, की पदर खोचला गेलाच. आधी रात्रभर पेजेत बुडवायचा. मग मंद जाळावर तेलाचं बोट फिरवून कांदा काळा होईस्तोवर परतायचा, फेकायचा, पुन्हा तेल. जास्त ओतलं तर चिकटा धरतो. तापलेलं तेल थरावर थर बसून कडक, काळं होतं. आत्या म्हणते, "तव्यानं तेल खाल्लं."

चिंच-कोकमाला तव्यात मज्जाव. साबणाचं तर नाव काढायचं नाही. मी एकदा समजावू पाहिलं, की जुन्या साबणात कॉस्टिक सोडा उरलेला असायचा, भीती त्याची. हल्लीच्या पातळ साबणाने हा थर जात नाही. तिने शांतपणे ऐकलं. "साबण मोरीत हाय. आधी तू धुऊन ये."

डिसेंबर 2016मध्ये धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. दुकानादुकानांत यंत्रं आली, जो तो 'कार्ड घासा' म्हणू लागला. आत्याला तो शब्दच खटकला. "गावाला घासायचं तं घासू दे. माझ्या तव्याला हात लावायचा नाय."

पावसाळ्यात इथे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. वैलावरची ऊब आधी तव्याला, मग नातवाच्या लंगोटांना. घावन सुटून आलं तर तव्याचा गुण, चिकटलं तर करणारणीचा हात.

गेल्या श्रावणात मात्र खुद्द आत्याचं पहिलंच घावन निघेना. तिने तव्याचा वास घेतला आणि धाकट्या सुनेकडे बघितलं. सुनेने माझ्याकडे. माझं शास्त्र खरं करायला रात्री मी तवा साबणाने धुतला होता. साबणाने काही बिघडलं नव्हतं. पुसायचा तेवढा राहिला होता. मी कबूल झालो.

दुपारी शेजारीण आली. "हा माझा भाचा," आत्या म्हणाली. "ह्यानं—"

धाकट्या सुनेने बारा वर्षांत पहिल्यांदाच मला दुसरा चहा विचारला.