लोणंदला ऑडिट आलं

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याला तीन भाव निघतात. एक नंबर, दोन नंबर आणि गोल्टी. गोल्टी म्हणजे बारका कांदा. पण बोली त्याच्यावरही लागते. चौथा वर्ग नाही. शेतकऱ्यानं आणलेला माल कमी-जास्त भाव घेऊनच अडत्याच्या गाळ्यावरून हलतो. मोटारीच्या धंद्यात वर्ग दोनच: ओके आणि रिजेक्ट. ही दोन्ही गणितं एकाच घरात नांदतात तेव्हा काय होतं, ते बघायचं असेल तर पुण्याहून निघावं, शिरवळला हायवे सोडावा आणि डावीकडे वळावं.

मी वळलो ते एका जर्मन साहेबांना बरोबर घेऊन. माझी नोकरी पुण्यात, गाड्यांचे सुटे भाग खरेदी करणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या कचेरीत. कार्डावर 'सप्लायर डेव्हलपमेंट' असं छापलेलं आहे. प्रत्यक्षातलं काम म्हणजे दोन्हीकडची बोलणी चाळायची आणि खडे काढून पुढे सरकवायची. लोणंद एमआयडीसीतले एक कारखानदार आमच्यासाठी डिझेल इंजिनात बसणारी पोलादी बुशं बनवतात. गावात त्यांना बापू म्हणतात, म्हणून मीही बापूच म्हणतो. त्यांच्या कारखान्याचं ऑडिट करायला साहेब थेट स्टुटगार्टहून आले होते.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडी रांगेत उभी असताना साहेबांचं लक्ष पुढच्या बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे गेलं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी दृष्ट कशी लागते ते सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात ड्रायव्हरनं स्वतःच कारभार हाती घेतला. "साहेबांना सांगा, दर शनिवारी बदलतो. खराब झालेली असो नसो. चार वर्षं झाली, गाडीला ओरखडा नाही." ठरलेल्या मुदतीला, बिघाडाची वाट न बघता, बदल आणि सोबत चार वर्षांचा रेकॉर्ड! साहेबांनी मान डोलावली. त्या दिवसात त्यांना पटलेली ही पहिली गोष्ट, आणि पुढे बराच वेळ एकमेव.

लोणंदच्या रस्त्याला लागलो तशी पुढे कांद्यानं शिगोशिग भरलेला टेंपो आडवा आला. हॉर्नला दाद देईना. साहेबांना म्हटलं, तुमचाच माणूस आहे. खरंच आहे ते. हॅम्बुर्गच्या विडाल उंड झोन या कंपनीच्या गाड्यांचं नाव टेंपो. 1958 साली फिरोदियांनी तिच्याशी करार करून बजाज टेंपो काढली आणि पुढे तीनचाकी हान्सियाट अख्ख्या महाराष्ट्रभर धावली. तिच्या पुढे आलेल्या नाकाडामुळे लोकांनी तिला 'डुक्कर' म्हणायला सुरुवात केली, हा भाग मी गाळला. साहेबांना हॅम्बुर्गची ती कंपनी ठाऊकच नव्हती. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा 1954 चा करार मात्र ठाऊक होता, कारण ते स्टुटगार्टचं घरचं कार्य. आपल्याकडे बाणेरच्या माणसाला भोसरीतलं लग्न कुठे माहीत असतं!

मग मी त्यांना मुलूख समजावला. इकडे फलटणला अमेरिकन कमिन्सचा मोठा पसारा, तिकडे बारामतीला इटालियन पियाजिओ, जिची तीनचाकी ॲपे आज गावागावात वडापचं काम करते. जवळच लोणंद. साहेब म्हणाले, म्हणजे तुमचे हे सप्लायर जागतिक दर्जाला सरावलेले असणार. मी काही बोललो नाही. आदल्या दिवशी दसरा होता, हे मला तेव्हाच आठवलं होतं.

फाटकात रांगोळी, फळ्यावर रंगीत खडूनं 'वेलकम', आणि बापू पांढऱ्या टोपीत. साहेबांना टोपी, उपरणं, श्रीफळ असा सगळा साज चढला. त्यानंतर कामगार रांगेनं पुढे आले आणि एकेकजण आपट्याची पानं हातात ठेवून "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा" म्हणू लागला. हे काय म्हणतायत, साहेबांनी विचारलं. मी बेसावधपणे सांगितलं, तुम्हाला सोनं देतायत. साहेब दोन पावलं मागे सरले. त्यांच्या कंपनीत सप्लायरकडून काय घ्यायचं आणि काय नाही याची सतरा पानी नियमावली आहे, आणि सोनं तर पहिल्याच पानावर. पानांचं झाड दाखवून, रघुराजा आणि कुबेराची गोष्ट अर्धीमुर्धी सांगून मी त्यांना पुन्हा जागेवर आणलं. दुसऱ्या हातात नारळ होता. तो कुठे ठेवायचा हे कुणी सांगेना, त्यामुळे सेफ्टी शूज घालेपर्यंत साहेब तो छातीशी धरून होते.

आत मशीनं झेंडूत बुडालेली. सीएनसीच्या पॅनेलवर हळदी-कुंकवाची पाच बोटं, नेमकी इमर्जन्सी स्टॉपच्या वर. हे सगळं साहेबांनी गिळलं असतं. घोटाळा झाला तो तपासणीच्या टेबलावर.

बुशाचं भोक तपासायला प्लग गेज असतं. पोलादाची छोटी दांडी, दोन टोकांची. 'गो' बाजू भोकात अलगद शिरली पाहिजे, 'नो-गो' बाजू शिरता कामा नये. दोन्हींतला फरक मायक्रॉनमध्ये. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, त्यापुढे हे हिशेब बारीक. क्वालिटीच्या, नुकताच डिप्लोमा झालेल्या पोरानं ऐटीत बुश उचललं, गेज लावलं. शिरेना. दुसरं बुश. शिरेना. तिसऱ्याला त्यानं जरा जोर लावला तेव्हा साहेबांनी हात धरला. गेजची 'गो' बाजू त्यांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, पांढऱ्या रुमालानं पुसली. रुमाल लाल झाला. गेजवर तेलाचा पातळ थर होता आणि त्यावर खंडेनवमीचं कुंकू मायेनं बसलं होतं. पुसल्यावर तिन्ही बुशं पास.

पण आता प्रकरण कागदावर जाणार होतं. टोयोटावाल्या जपान्यांनी जगाला एक पद्धत शिकवली आहे: चूक सापडली की पाचदा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारणाशी पोचता येतं. साहेबांनी तक्ता मांडला आणि पोराला समोर बसवलं.

गेज अडलं का? "कुंकू होतं, सर."

कुंकू का? "खंडेनवमीला हत्यारांची पूजा अस्ती. आमचं हत्यार हेच."

हत्यारांची पूजा का? "पांडवांनी शमीच्या झाडावरनं शस्त्रं खाली काढली म्हणून."

झाडावर का ठेवली होती? "अज्ञातवासात व्हते ना."

अज्ञातवास का? "धर्मराज जुगारात हरले."

पाच झाले. मूळ कारण: द्यूत. पद्धतीत कुठेही खोट नव्हती. पुढचा रकाना जबाबदार व्यक्तीचा होता आणि पोरानं प्रामाणिकपणे युधिष्ठिर असं लिहिलं. साहेबांनी विचारलं, हे गृहस्थ अजून कामावर आहेत का? मी म्हटलं, नाहीत, हिमालयाकडे गेले. साहेबांनी 'संस्था सोडली' अशी नोंद केली. मी आजवर पाहिलेल्या तक्त्यांमधला हा सर्वांत खरा तक्ता. बाकीच्यांत पाचव्या 'का'चं उत्तर नेहमी 'ऑपरेटरला ट्रेनिंग नव्हतं' असंच असतं, आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं.

उपाय बापूंनी काढला, आणि तो स्टुटगार्टलाही सुचला नसता. झिजून बाद झालेलं एक गेज त्यांनी कपाटातून काढलं, त्यावर तांबडा रंग मारायला सांगितला आणि गेजच्या यादीत त्याला रीतसर नंबर देऊन पुढे लिहिलं: 'फक्त पूजेसाठी'. साहेबांनी सही केली.

कारखान्याच्या ऑफिसात बापूंचे वडील बसलेले असतात. आबा. वय ऐंशीच्या घरात, धोतर, हातात तपकिरीची डबी. कारखाना मुलाचा, पण जमीन आबांची, आणि त्या जमिनीतला कांदा आबांनी आयुष्यभर लोणंदच्या बाजारात नेला. दराची बोलणी त्यांच्यादेखत चालतात. आमच्या धंद्यातला रिवाज असा की सप्लायरनं दरवर्षी दर थोडा खाली आणायचा. कामात हात बसतो, वेळ वाचतो, त्यातला वाटा गिऱ्हाइकाला. साहेबांनी तीन टक्के सांगितले. मी सांगितले. आबांनी चिमूट अर्ध्यात थांबवली.

"दरसाल उतरणार? चढणार कवाच न्हाय?"

कधीच नाही, मी म्हटलं.

"आवं, कांदासुदिक कवातरी चढतो की!"

मग आबा साहेबांकडे वळून, मला मध्ये न घेता, थेट मराठीतून बोलू लागले. परत आलेल्या मालाचं त्यांना कोडं होतं. भोक जरा मोठं झालं, मान्य. मग त्याला दोन नंबरचा दर लावा. सगळा गोणा परत का धाडता? गोल्टी कुणी परत धाडतं का? मी समजावलं, की बुश इंजिनात बसतं, तिथे दोन नंबर चालत नाही, इंजिन बसेल. हे आबांना पटलं. न पटलं ते असं, की ज्या गाडीला ते चालत नाही तिला नाही, पण जगात दुसरी गाडीच नाही का? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि साहेबांकडे तर प्रश्नच पोचला नव्हता.

साहेबांनी मग थोड्या वडीलकीनं सांगितलं, की जागतिक बाजार फार बेभरवशाचा झालाय. हे ऐकून आबा मनापासून हसले. 2023 च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती उठली 2024 च्या मे महिन्यात. त्याआधी ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यात शुल्क बसलं होतं. आबांना सगळ्या तारखा पाठ. रात्री झोपताना एक दर, सकाळी उठल्यावर दुसरा. "तुमच्याकडं सरकार आसं करतं का?" साहेब गप्प झाले. 2023 मध्येच युरोपीय संघानं कायदा केला होता, की 2035 पासून धूर सोडणारी नवी मोटार विकायची नाही. आणि तो पुरता अंगवळणी पडायच्या आतच त्यावर पुन्हा काथ्याकूट सुरू झाला. आपण आज ज्या डिझेलच्या बुशाचं ऑडिट करतोय त्याचं पुढे काय, हे साहेबांनाही सांगता येत नव्हतं. आबांनी तपकिरीची डबी त्यांच्यापुढे केली. त्यांनी घेतली. शिंका किती आल्या ते ऑडिटच्या कागदात नाही.

दर दीड टक्क्यावर तुटला.

जेवण झालं, निघायची वेळ झाली, आणि गाडीच्या डिकीपाशी पोरं एक गोणी घेऊन उभी. पन्नास किलो कांदा, पाव्हण्यांसाठी. नियमावली परत उघडली. ठरावीक किमतीच्या आतली भेट चालते, पण फॉर्मवर किंमत लिहावी लागते. मी अडत्याला फोन लावला, आजचा दर काय? तिकडून प्रश्न आला, हळव्याचा का गरव्याचा? दसऱ्याच्या सुमारास चाळीतला जुना गरवा आणि शेतातला नवा हळवा दोन्ही बाजारात असतात. जुना, म्हटलं. एक नंबर का दोन नंबर? एक नंबर. त्यानं आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "आजचं आजच. उद्याचं इच्यारू नगा." हिशेब केला तर गोणी नियमाच्या बाहेर. बापू दुखावले. परत न्यायची म्हणजे घराण्याची शोभा.

तोडगा साहेबांनी काढला. पाच किलो, आणि तेही गोल्टी. त्यांनी फोनवर दर पुन्हा विचारायला लावला, फॉर्म भरला, पिशवी स्वतः उचलली. आबा ओट्यावरून बघत होते. मला म्हणाले, "बघा, बारक्या मालालाबी गिऱ्हाईक घावलं का न्हाय?" हे मी साहेबांना सांगितलं नाही. चाळणीत अडकलं.

निकाल आठवड्यानं आला. वर्ग ब. ऑडिटच्या जर्मन पद्धतीत नव्वद टक्के किंवा वर अ, ऐंशीच्या खाली क. लोणंदला ब मिळाल्याचे पेढे वाटले गेले. स्टुटगार्टला वाटलं, सुधारणेला वाव आहे. दोघांचंही बरोबर आहे.

त्याबरोबर पुढच्या ऑडिटची तारीखही आली, संगणकानं परस्पर काढलेली: ज्येष्ठाचा शेवट. मी तत्काळ कळवलं, जमणार नाही. का? तेव्हा मला नकाशा जोडून लिहावं लागलं, की ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घालून पाडेगावात सातारा जिल्ह्यात शिरते, लोणंदला मुक्काम करते, आणि तिथून तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. लाखो माणसं चालत असतात. त्या दिवसांत आमची गाडी लोणंदात शिरणार नाही आणि बापूंचे निम्मे कामगार कारखान्यात शिरणार नाहीत. साहेबांनी उलट टपाली विचारलं, हा संप दरवर्षी होतो का, आणि कामगार संघटनेशी बोलून पुढे ढकलता येईल का?

तेव्हा पुण्यात बसून परदेशी पाहुण्यांच्या तारखा ठरवणाऱ्या माझ्या भाऊबंदांना विनंती आहे: संगणकाच्या शेजारी भिंतीवर एक पंचांग लावा, आणि लोणंदचं ऑडिट शक्यतो माघात घ्या.