वैयक्तिक कारणास्तव

मराठी माणसाला वैयक्तिक कारणं फार. साखरपुड्याला न जाण्याचं वैयक्तिक कारण असतं, सोसायटीचा सेक्रेटरी न होण्याचं असतं आणि मेंटेनन्स थकवण्याचं तर अत्यंत वैयक्तिक असतं. पण एका कंपनीतल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना एकाच वेळी, तेही ठरलेल्या तीन आठवड्यांत, वैयक्तिक कारणं सुचावीत अशी सोय जुलै 2020 मध्ये झाली. भारत पेट्रोलियमने त्या महिन्याच्या 23 तारखेला स्वेच्छानिवृत्ती योजना उघडली आणि 13 ऑगस्टला बंद केली. ज्यांना वैयक्तिक कारणांमुळे नोकरी पुढे चालू ठेवणं शक्य नाही, त्यांच्या भल्यासाठी ही योजना, असा परिपत्रकाचा सूर होता. सरकारने आदल्याच नोव्हेंबरात या कंपनीतला आपला 52.98 टक्के हिस्सा विकायला काढला होता, तो निव्वळ योगायोग. सरकारचंही काही वैयक्तिक कारण असेल.

आमच्या रोडपालीत हे परिपत्रक ज्या गांभीर्याने वाचलं गेलं, त्या गांभीर्याने इथे महापालिकेची मालमत्ता कराची नोटीसही वाचत नाहीत. एका अंगाला कळंबोलीचा लोखंड बाजार, दुसऱ्या अंगाला तळोजा एमआयडीसी, आणि मध्ये आम्ही. वाऱ्याची दिशा बघून खिडकी उघडायची की नाही ते ठरवणारी माणसं. आमच्या इमारतीत तेल सगळ्या मजल्यांवर झिरपलेलं आहे. तिसऱ्यावर भारत पेट्रोलियमच्या माहुलच्या रिफायनरीतले साहेब. दुसऱ्यावर रिटायर्ड काका, ज्यांचे वडील बर्मा शेलमध्ये, म्हणजे याच कंपनीच्या जुन्या अवतारात, होते. पहिल्यावर रसायनीच्या एचओसीमधून घरी बसलेले अण्णा. आणि तळमजल्यावर, मीटरच्या खोलीला लागून, भाड्याच्या एका खोलीत रिफायनरीतच काम करणारा पण रिफायनरीचा नसलेला एक मुलगा. त्याच्याकडे नंतर येऊ. सगळे त्याच्याकडे नंतरच येतात.

तर साहेब. परिपत्रक आलं त्या रात्री साहेबांनी एक्सेलची शीट उघडली. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दोन महिन्यांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीच्या महिन्यांचा एकूण पगार, या दोहोंपैकी जे कमी असेल ते, असं सूत्र होतं. साहेबांनी पहिल्यांदा जास्त असेल ते धरलं आणि लोणावळ्याला बंगला घेतला. मग कमी असेल ते धरलं आणि बंगला विकला. मग मुलीचं लग्न एका रकान्यात घातलं, एफडीचा व्याजदर दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात ‘बायकोचं मत’ असं लिहून तो रकाना कोरा ठेवला. शीटला पासवर्ड होता. तरी दोन दिवसांत ती सगळ्या डिपार्टमेंटकडे पोहोचली, कारण प्रत्येकाला स्वतःपेक्षा शेजारच्या टेबलाला किती मिळणार यात जास्त रस होता.

‘साहेब, तुम्ही घेणार का हो व्हीआरएस?’ मी लिफ्टमध्ये विचारलं.

‘छे! कंपनी सोडून मी जगू शकत नाही,’ साहेब म्हणाले. ‘पण शेजारच्या टेबलावरच्या जोशाने घ्यावी. त्याची तब्येत बरी नसते.’

पुनर्रचनेबद्दल कर्मचाऱ्यांचं नेमकं काय मत असतं, हे सांगायला सल्लागार कंपन्या लठ्ठ फी घेतात. मी फुकटात सांगतो. पुनर्रचना अत्यंत आवश्यक आहे आणि ती शेजारच्या डिपार्टमेंटपासून सुरू व्हावी. अकाउंट्सला वाटतं मेंटेनन्समध्ये माणसं जास्त आहेत. मेंटेनन्सला वाटतं अकाउंट्सची गरजच काय. आणि दोघांचं एचआरबद्दल जे मत आहे ते छापता येत नाही.

युनियनने विरोध केला, गेटसभा झाल्या, संप झाले, काळ्या फिती लागल्या. त्याच वर्षी कंपनीने ट्रस्टकडचे शेअर कर्मचाऱ्यांना बाजारभावाच्या एक तृतीयांश दराने देण्याचीही योजना आणली. हा डाव ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार. विक्री झाली तर भाव चढणार, नाही झाली तर नोकरी राहणार! साहेब सकाळी गेटवर ‘विक्री रद्द करा’ म्हणून घोषणा देऊन घरी आले आणि संध्याकाळी मोबाइलवर भाव बघून म्हणाले, ‘बोलीदार येतील असं दिसतंय, चांगलं आहे.’ त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. खरं सांगायचं तर मलाही दिसली नाही. पगारदार माणसाने दोन्हीकडून हात शेकले तर त्यात वावगं काय?

दुसऱ्या मजल्यावरचे काका हे सगळं शांतपणे ऐकतात, कारण त्यांच्या घराण्याला मालक बदलण्याची सवय आहे. ‘24 जानेवारी 1976 ला बर्मा शेल सरकारजमा झाली तेव्हा आमच्या वडिलांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं,’ ते सांगतात. आज ऐकणाऱ्याला वाटतं, राष्ट्रीयीकरण म्हणजे कामगारांनी पेढे वाटले असतील. काकांच्या घरी सुतकी कळा होती. गोऱ्या साहेबाच्या कंपनीचे पगार, भत्ते, कँटीनची कटलेटं हे सगळं आता सचिवालयाच्या चहाच्या पातळीवर येणार ही भीती. ती अगदीच खोटी नव्हती. परदेशी अमदानीतले घसघशीत पगार आणि सरकारी पगार यांचा मेळ काही केल्या बसेना, तेव्हा भारत पेट्रोलियमच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती ठरवायला 1988 साली संसदेला वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे बापाच्या पिढीने सरकार येणार म्हणून डोळ्यांत पाणी आणलं आणि मुलाच्या पिढीने सरकार जाणार म्हणून. कंपनी तीच, माहुलची जागा तीच, 1955 पासून चालू असलेली रिफायनरी तीच.

मधल्या काळात कायद्याने काय केलं, तेही काकांना पाठ आहे. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या संसदेच्या कायद्याने घेतलेल्या कंपन्या आहेत, त्या विकायच्या तर संसदेला विचारा. सगळे निर्धास्त झाले. मग 2016 मध्ये कालबाह्य कायदे रद्द करण्याची मोहीम निघाली आणि त्या भाऱ्यात बर्मा शेलच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदाही गेला. दिवाळीची रद्दी काढताना पेपरांच्या गठ्ठ्यात घराचा सातबाराही द्यावा, आणि रद्दीवाल्याने तो किलोच्या भावात न्यावा, असं झालं. कर्मचाऱ्यांना ते कळलं तीन वर्षांनी, घर बघायला गिऱ्हाईक आलं तेव्हा.

पण आमच्या इमारतीत या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार पहिल्या मजल्यावरच्या अण्णांचा. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे अण्णांची एचओसी, 1960 साली स्थापन झाली. रसायनी हे नाव ज्या काळात भविष्यासारखं वाटायचं, त्या काळात अण्णा तिथे लागले. 17 मे 2017 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की रसायनीतले सगळे तोट्यातले प्रकल्प बंद करायचे. रॉकेटच्या इंधनाला लागणाऱ्या रसायनाचा तेवढा एक प्रकल्प इस्रोकडे द्यायचा आणि बाकीच्यांना स्वेच्छानिवृत्ती. अग्निबाण वर जाणार, माणसं घरी जाणार. एवढं करायला पैसे हवेत, तर कंपनीची 442 एकर जमीन विकायची. ती कुणी घ्यायची? भारत पेट्रोलियमने, 618 कोटी 80 लाखांना.

वाचकहो, इथे जरा थांबा. घरमालकाने भाडेकरूला बाहेर काढलं, घर एका धनवान नातेवाइकाने घेतलं, आणि अडीच वर्षांत मालकाने तो नातेवाईकच विकायला काढला. अण्णांना 2020 मध्ये जो आनंद झाला, त्याला माणुसकी म्हणता येणार नाही, पण न्याय म्हणता येईल. त्यांनी साहेबांना जिन्यात गाठलं आणि प्रेमाने विचारलं, ‘फॉर्म भरता येतो ना? नाहीतर मी आहे.’

अण्णांची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. 2017 च्या मे महिन्यात रसायनीचा कारखाना आटोपला, त्याची बातमी पनवेलबाहेर फारशी कुणी वाचली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तळोज्यात रंगाच्या सांडपाण्यामुळे काही भटकी कुत्री निळी झाली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले. तिथली कासाडी नदी वर्षानुवर्षं रंग बदलत होती, तेव्हा कुणी आलं नाही. कुत्र्यांनी रंग बदलला तेव्हा प्रदूषण मंडळ धावलं, संबंधित कारखान्याला टाळं लागलं. ‘आम्हीही जाताना निळे झालो असतो तर फोटो आला असता,’ अण्णा म्हणतात.

या चर्चा रोडपालीच्या तलावाच्या कट्ट्यावर चालतात, तिथे गावातले एक आजोबाही येऊन बसतात. रोडपाली हे आधी गाव होतं, सेक्टर नंतर झालं. गोल्डन हँडशेक म्हणजे काय, हे साहेबांनी त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं: नोकरी जाते, पण जाताना सन्मानाने पैसे देतात, हात मिळवतात. आजोबा बराच वेळ ऐकत राहिले.

‘आमच्या जमिनी घेतल्या तवा कोनी हात नाय मिलवला,’ ते म्हणाले. ‘लाठ्या दिल्या. मंग गोल्या दिल्या. मंग साडेबारा टक्के दिलं.’

जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी सिडकोविरुद्ध रस्त्यावर उतरले, जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा देण्याची योजना त्यातून आली. साहेबांच्या शीटमध्ये या सूत्रासाठी रकाना नव्हता. त्यांनी विषय बदलला आणि ह्यूस्टनला नेला.

ह्यूस्टनला साहेबांचा भाचा. जानेवारी 2025 मध्ये बीपीने 4,700 नोकऱ्या आणि शिवाय ठेकेदारांची 3,000 माणसं कमी करायचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात शेव्हरॉनने 2026 अखेर 15 ते 20 टक्के माणसं कमी करण्याचा बेत सांगितला. भाचा त्यातल्या एका कंपनीत. घरात चिंता. देवासमोर दिवा लागला, साहेबांच्या पत्नीने संकष्टी धरली. पण साहेबांचा धाकटा मुलगा पुण्यात अशाच एका विदेशी तेल कंपनीच्या कार्यालयात आहे. तिकडची कामं इकडे येतात म्हणून तर पुण्यात बीपीची आणि बेंगळुरूत शेव्हरॉनची मोठमोठी कार्यालयं उभी राहिली. त्याच आठवड्यात मुलाच्या टीममध्ये जागा निघाल्या. आता संकष्टी सोडावी की चालू ठेवावी हे त्यांना कळेना. ‘बघा, काम घरातल्या घरातच राहिलं,’ साहेब म्हणाले. भाच्याने मामाचा नंबर ब्लॉक केला आहे, असं ऐकतो.

बरं, या सगळ्याचं पुढे झालं काय? वेदांत आणि दोन परदेशी गुंतवणूकदार कंपन्या पुढे आल्या, त्यातल्या दोन मागे गेल्या, आणि मे 2022 मध्ये सरकारने विक्रीची प्रक्रिया गुंडाळली. 2023-24 मध्ये याच कंपनीने 26 हजार 673 कोटींचा नफा कमावला. साहेब तेव्हापासून छाती काढून चालतात. जोशाने तब्येतीचं कारण देऊन व्हीआरएस घेतली होती. तो आता रोज सकाळी तलावाला फेऱ्या मारतो आणि त्याची तब्येत ठणठणीत आहे. दोघं एकमेकांना भेटले की प्रत्येकाला वाटतं, समोरचा फसला.

आता तळमजल्यावरचा मुलगा. गेली काही वर्षं तो रिफायनरीत स्कॅफोल्डिंगवर आहे. शटडाउन निघालं की बारा-बारा तास, संपलं की घरी. त्याचा ठेकेदार मधून मधून बदलतो, माणसं तीच राहतात, गेटपास नवा होतो आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणजे पुनर्रचना, मालकबदल आणि कपात हे तिन्ही सोहळे त्याच्याकडे एखाद्या सणासारखे नेमाने येतात. काळी फीत त्याला कुणी दिली नाही. एक तृतीयांश भावाचे शेअरही नाहीत. नेहमीच्या कामावर ठेका नको, असं वाटलं तर सरकारला तो बंद करता यावा, अशी तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती; पण तसा बंद झाला तरी ठेक्यावरचा माणूस आपोआप कायम होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून ठेवलंय. त्याला यातलं काही माहीत नाही. मी विचारलं, ‘कंपनी विकली गेली असती तर तुझं काय झालं असतं रे?’

‘काय होणार काका? हेल्मेटचा रंग बदलला असता,’ तो म्हणाला.

बीपीने निदान त्या 3,000 ठेकेदारी माणसांचा आकडा वेगळा सांगितला. आपल्याकडे कायम माणूस गेला की ती कपात, आणि ठेक्यावरचा गेला की ते काम संपलं. गेटसभेत ‘कामगार’ या शब्दावर टाळ्या पडतात, तेव्हा तो आत परांचीवर असतो.

तेव्हा युनियनच्या पदाधिकाऱ्यांना आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना एक विनंती. विक्रीची फाइल बंद झालीय, जाळलेली नाही. ती कधीही वर येऊ शकते. पुढच्या वेळी निवेदन काढाल तेव्हा खाली ठेक्यावरच्या माणसांच्या सह्यांसाठीही जागा ठेवा, आणि पहिल्या मागणीत त्यांचं नाव घाला. तो मुलगा सभेला येईल. फक्त त्या दिवसाची हजेरी त्याला कोण देणार, तेवढं आधी ठरवून ठेवा.