पडद्यामागचा गणपती

अहो सुमनताई, तो कढीलिंब नंतर तोडा, आधी इकडे भिंतीपाशी या. होय, आलो परवाच. पुन्हा ओसाकालाच का, हे अख्ख्या कॉलनीचं विचारून झालंय, आता तुम्ही नका विचारू. लेक-जावई तिकडे असल्यावर आम्ही काय स्वित्झर्लंडला जाणार?

पाहिलेल्या गावात पुन्हा काय बघायचं, अशी ह्यांचीही कुरकुर होतीच. पण खरं सांगू? मागच्या वेळी आम्ही ओसाका पाहिलंच नव्हतं. टूरवाल्याने झेंडी दाखवत किल्ला दाखवला. बाहेरून इतका देखणा की बघत राहावं, आणि आत शिरलं तर लिफ्ट! १९३१ साली काँक्रीटमध्ये नव्याने बांधलेला मनोरा आहे तो. हे म्हणाले, “गुडघे न दुखता चढलो तो किल्ला कसला?” मग दोतोंबोरीच्या कालव्यावर त्या ग्लिकोच्या धावणाऱ्या माणसाच्या पाटीसमोर हात वर करून फोटो काढले, की बसा बसमध्ये. ह्या खेपेला लेकीने बजावलं, यादी करायची नाही. सकाळी डबा भरायचा आणि निघायचं.

ह्यांना सगळ्यात काय आवडलं असेल ओळखा. फुकटची नाव! हसू नका, खरंच. ओसाका म्हणजे नद्या, कालवे आणि गोदी. आठ ठिकाणी महापालिका माणसांना आणि सायकलींना नावेने पैलतीरी सोडते, आणि तिकीट नाही. तिथे नावेची वाट म्हणजे रस्ताच धरतात, १९२० सालापासून. रस्त्याने चालायचे पैसे कोण घेतं, असा त्यांचा हिशेब. आम्ही गेलो ती नाव ताइशो वॉर्डातून पलीकडे निशिनारीला जाते. डोक्यावर एवढा थोरला पूल आहे, पण खालून जहाजं जावीत म्हणून तो इतका उंच नेलाय की दोन्ही टोकांना रस्ता गोल गोल फिरवून वर चढवलाय. लोक त्याला चष्मा-पूल म्हणतात. आता सांगा, भाजीची पिशवी घेऊन कोण त्या गिरक्या चढणार? म्हणून पूल होऊनही नाव राहिली. दोन-चार मिनिटांचा प्रवास, पण हे पुन्हा पुन्हा इकडून तिकडे. नावाडी शेवटी ह्यांना बघून टोपीला हात लावायला लागला.

आणि त्याच नावेत एक बाई भेटली. साठीची तरी असेल. अंगात बिबट्याच्या ठिपक्यांचा ब्लाउज, केस जांभळट रंगवलेले, सायकलच्या बास्केटमधून कांद्याच्या पाती हातभर बाहेर आलेल्या. माझ्या साडीकडे बघितलं, पदराला हात लावून कापड चाचपलं, आपल्याकडे लग्नात बायका चाचपतात ना, तस्सं! मग पर्समधून छोटीशी थैली काढली, तिच्यातून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि बोलतच सुटली. मी मराठीत, ती जपानीत, पण कुणाचं काही अडलं नाही. लेक म्हणाली, ओसाकाच्या बायका अशाच. गोळ्या जवळ बाळगायच्या आणि ओळख असो-नसो, हातावर ठेवायच्या. तोक्योत शेजारचा माणूस मान वर करत नाही म्हणे. सरकत्या जिन्यावरसुद्धा दोन्ही गावांचं जमत नाही, तोक्योवाले डावीकडे उभे राहतात, ओसाकावाले उजवीकडे. सांगली-कोल्हापूरचं बरं म्हणायचं.

खाण्याचं विचारू नका. शाकाहारी माणसाचे हालच. सूप भाज्यांचं दिसतं, पण पाणी सुकवलेल्या माशाचं. म्हणून तर डबा. पण एक गोष्ट मला फार पटली. काडीला टोचून तळलेलं खातात ना, कुशिकात्सु, त्याचा सॉस सगळ्यांना मिळून एकाच भांड्यात असायचा. आणि भिंतीवर पाटी की एकदाच बुडवा, चावल्यावर पुन्हा बुडवायचं नाही! म्हणजे उष्ट्याखरकट्याचा विचार तिकडेही आहे. हल्ली बऱ्याच ठिकाणी बाटल्या ठेवल्यात, पण पाट्या आहेतच.

खरेदी? केली की थोडी. दोगुयासुजी म्हणून गल्ली आहे, नुसती हॉटेलवाल्यांच्या भांड्याकुंड्यांची. दुकानांच्या काचेत मांडायचे खोटे पदार्थही तिथेच मिळतात, नूडल्स काट्याला लटकून हवेत उभ्या! मी ताकोयाकीचं बीड घेतलं. ते लोक त्यात ऑक्टोपसचे गोळे करतात, मी काल त्यात अप्पे केले, सुंदर सुटले. शितेन्नोजी देवळातही गेलो. ५९३ सालचं देऊळ, पण मी गेले ते दर महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला भरणाऱ्या बाजारासाठी. जुने रेशमी किमोनो ढिगाने पडलेले असतात. तुमच्यासाठी एक तुकडा आणलाय, खणासारखा ब्लाउज होईल.

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून वीसेक मिनिटांवर इकोमा म्हणून डोंगर आहे. तसा तो नारा प्रांतात, पण भक्त सगळे ओसाकाचे व्यापारी. वर जायला दोराने ओढली जाणारी गाडी आहे, १९१८ ची, जपानमधली पहिली. एका डब्याला कुत्र्याचं तोंड, दुसऱ्याला मांजराचं! वर होझानजी देऊळ. पायऱ्यांच्या कडेने दगडी खांब, त्यांवर देणगीदाराचं नाव आणि रक्कम कोरलेली. आपल्याकडे फरशीवर कोरतात, तिकडे खांबावर, एवढाच फरक. आणि देव कोण? गणपती! शोतेन म्हणतात त्याला. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेला आपला विनायक. धंद्यात बरकत देतो, पण नवस फेडायला विसरलात तर खैर नाही म्हणतात. नैवेद्याला दारू आणि मुळा. हो हो, मुळाच. जिकडे तिकडे मुळ्यांच्या जोडीचं चिन्ह. आणि त्याची मिठाई क्योतोत मिळते, लेकीने आणून ठेवली होती. पिठाच्या पुरचुंडीत अझुकी कडधान्याचं गोड पुरण, वरून चुण्या घालून बांधलेली, तिळाच्या तेलात तळलेली. तळणीचा मोदकच म्हणा ना. फक्त आत लवंग-चंदनाचा वास. हे म्हणाले, उटणं खाल्ल्यासारखं वाटतंय.

दर्शन कुठलं झालं? मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. पुजारी आतल्या आत कोमट तेलाने न्हाऊ घालतात आणि दार बंद. मी विचारलं, का गं, एवढं काय लपवायचं? लेक इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “आई, आत एक नाही, दोन असतात. दोघांनाही सोंड. आणि एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे.”

तोंडावरचा पदर काढा आधी, तुमच्या सूनबाई खिडकीतून बघतायत. आणि गुरुवारी अथर्वशीर्षाच्या बायका जमतील तेव्हा सांगायचं असेल तर खुशाल सांगा, पण मुळ्यापर्यंतच. पुढचं वर्तकबाईंच्या कानावर गेलं तर त्या मंडळातून माझंच नाव कापतील.