डॉक्टरसाहेबांचा रुसवा

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना इकडे कुंपणापाशी, आमचे हे ओसरीवर पेपर घेऊन बसलेत, त्यांचे कान तिखट. ते सीडर्स-सायनाय हो, लॉस एंजेलिसचं, नटनट्या बाळंतपणाला जातात ते! २००२ साली केवढा थाट केला होता त्यांनी. डॉक्टरांनी कागदावर खरडायचं बंद. औषध, रक्ततपासणी, एक्स-रे, सगळ्या ऑर्डरी स्वतः कॉम्प्युटरवर टाकायच्या. खर्च म्हणे ३ कोटी ४० लाख डॉलर! आणि चाललं किती? जेमतेम तीन महिने. २००३च्या जानेवारीत बंद.

डॉक्टरच उठले ना! शेकडो जण. बरं, ते तिथले पगारी नोकर थोडेच, बहुतेकांची प्रॅक्टिस स्वतःची. रुसून पेशंट दुसरीकडे नेले तर? मॅनेजमेंटवाल्यांचे चेहरे असे पडले असतील...

त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं हं. पूर्वी वॉर्डातून निघता निघता दोन ओळी ओढल्या की झालं, ते किडेमकोडे लावत बसायचं नर्सनं आणि फार्मसीवाल्यानं. आता लॉगिन करा, पेशंट शोधा, औषध शोधा, डोस निवडा. पाच सेकंदांच्या कामाला मिनिटं जायला लागली. वर ते मशीन सासूसारखं पावलोपावली टोकणार, ‘नक्की ना? याच्यासोबत हे चालेल ना?’ मग काय, न वाचताच ओके दाबायची सवय लागते!

पण टोकणारं कुणी नसलं की काय होतं, तेही बघा. बॉस्टनची ती बेट्सी लेहमन... वर्तमानपत्रात आरोग्यावरच लिहायची बिचारी. १९९४ साली डाना-फार्बरच्या कॅन्सर हॉस्पिटलात केमोचा चार दिवसांचा मिळून जो डोस, तो रोज दिला तिला. रोज! डॉक्टर, नर्स, फार्मसी, कुण्णाच्या लक्षात आलं नाही. गेली ती, ३९ वर्षांची. दोन लहान मुली मागे. पुढे त्याच हॉस्पिटलात केमोच्या डोसवर कॉम्प्युटरचा पहारा बसला.

पण नुसता कॉम्प्युटर आणला की भागतं असंही नाही हं. पिट्सबर्गचं मुलांचं हॉस्पिटल बघा! तिथे दुसरीकडून अत्यवस्थ मूल निघालं की वाटेवरूनच फोन यायचा आणि ते पोचायच्या आत ऑर्डरी तयार. तिथे आलेल्या नव्या कॉम्प्युटर सिस्टीमचं म्हणणं, आधी पेशंट येऊ दे, नाव नोंदवू दे, मग ऑर्डर. मूल बेडवर आणि डॉक्टर स्क्रीनपुढे! अशा आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून ६.५७ वर गेलं. २००५ साली त्यांच्याच डॉक्टरांनी हे छापलं, धाडसच म्हणायचं. आणि गंमत ऐका. सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलात तेच सॉफ्टवेअर, तिथे मृत्यू वाढले नाहीत. त्यांनी नेहमी लागणाऱ्या ऑर्डरींचे संच आधीच तयार करून ठेवले होते. मला विचाराल तर मशीन आणण्याआधी जो रात्रभर वॉर्डात उभा असतो त्याला शेजारी बसवून विचारायला काय झालं होतं हो? पण नाही! कोटींच्या बाता मारणाऱ्यांना नर्सला विचारण्यात कमीपणा वाटतो.

आता पुढचं हळूच सांगते. एवढे रुसलेले डॉक्टर वळले कसे? पैशानं! २००९ साली ओबामांच्या सरकारनं कायदा केला, दवाखान्यात कॉम्प्युटर नीट वापरा आणि मेडिकेअरमधून, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यातून, काही वर्षांत मिळून ४४ हजार डॉलरपर्यंत घ्या. नाही वापरलात तर २०१५पासून पैसे कापणार. मग काय, रुसवा कुठच्या कुठे! सीडर्स-सायनायनंही पुढे नवी सिस्टीम आणलीच.

आणि आता म्हणे ही डॉक्टर मंडळी रात्री जेवणं उरकली की पायजम्यावर लॅपटॉप घेऊन बसतात, दिवसभराच्या राहिलेल्या नोंदी भरत.