थानोसराव, निम्म्यात काय भागणार?

रा. रा. थानोसराव, मु. टायटन, यांस गेवराईहून नमस्कार.

कॉमिक्समध्ये तुमचं टायटन म्हणजे शनीचा उपग्रह, आणि आमच्या तालुक्यात राक्षसभुवनला शनीचं देवस्थान. म्हणजे तुम्ही आमचे पाव्हणेच. तेव्हा राग मानू नका.

‘इन्फिनिटी वॉर’मधलं बोलणारं झाड, उडणारं चिलखत, सगळं मी मुकाट गिळलं. अडकलो तुमच्या हिशोबात. खाणारी तोंडं जास्त, म्हणून चुटकी वाजवून निम्मे जीव खलास! सिनेमा २०१८ चा. तेव्हा पृथ्वीवर साडेसातशे कोटींच्या वर माणसं होती. निम्मी केली की उरते साधारण १९७२ सालची लोकसंख्या.

बहात्तर साल! त्या साली काय सुबत्ता होती ते आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. दुष्काळी कामावर खडी फोडायची, रेशनचा तांबडा मिलो दळून खायचा, सुकडीला रांग लावायची. माणसं निम्मी होती, पण भाकरी निम्मीसुद्धा नव्हती. (कॉमिक्समध्ये तुम्ही पहिल्यांदा अवतरलात फेब्रुवारी १९७३ च्या अंकात, ऐन त्याच दुष्काळात. मुहूर्त बरा साधलात.)

बरं, निम्मे जीव म्हणजे बैल आले, शेरडं आली, धरली तर बाजरीही आली. खाणारे निम्मे, खायचंही निम्मं. मग माझ्या ताटात भाकरी होती तेवढीच की! सहा-सहा रत्नं हाताशी असताना एकदा जायकवाडी काठोकाठ भरून द्यायचं काही सुचलं नाही.

आणि कोयत्याचं काय? ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा. तुमच्या चुटकीनं बायकोची धूळ झाली तर फडात उरला अर्धा कोयता. उचल मात्र अख्ख्या कोयत्याची घेतलेली. मुकादमही उडाला असेल म्हणता? त्याची वही राहिली ना. वहीला जीव नसतो.

पुढच्या सिनेमात ती माणसं ५ वर्षांनी परत आली, हे एक बरं झालं. बेपत्ता माणूस मेला असं धरायला आपल्या कायद्यात ७ वर्षं लागतात. म्हणजे वारसाचा फेर व्हायच्या आत मूळ मालक बांधावर हजर, सातबारा जागच्या जागी. वारसांनी पाच वर्षं घातलेले हेलपाटे तेवढे कुणाच्या नावावर लावायचे, ते कळवा.

आपला,
धूळ न झालेल्या निम्म्यांपैकी एक