निवांत जाऊ, पहाटे पाचला निघू

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात भरपूर माणसं घेऊन, सगळी आखणी करून आलेला सर्वांत प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे महंमद तुघलक. १३२७ च्या सुमारास त्याने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद केलं. वाटेवर सावलीला झाडं, मुक्कामाच्या सोयी, सगळं चोख. काही वर्षांनी त्याच मंडळींना म्हणाला, चला, परत दिल्लीला. आखणीत खोट काढायला जागा नव्हती. फक्त ज्यांना न्यायचं त्यांना जायचंय का, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

माझे साडू तुघलकाला वेडा म्हणतात, पण आमच्या सहलीची एक्सेल शीट त्यांनीच केली. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. ताळेबंद जुळल्याशिवाय झोप येत नाही. ‘या वेळेला धावपळ अजिबात नको, निवांत जायचं’ असं त्यांनी जाहीर केलं आणि त्याखालीच लिहिलं : प्रस्थान, पहाटे ५.००. शीटमध्ये ‘निवांत’ नावाचा रकाना खरोखरच होता. दुपारी २.१० ते २.३५.

पुणे ते संभाजीनगर साधारण २३५ किलोमीटर. गाडी सरळ नेली तर जेवायच्या वेळेला पोचता येतं. पण मराठी कुटुंबाची गाडी सरळ जात नसते, तिला ‘वाटेवरच आहे’ नावाचा आजार असतो. रांजणगावचा महागणपती वाटेवरच आहे. तो खरंच आहे, तिथे वाद नाही. मग मेहुणीने घोडेगावहून फुटणारा शिंगणापूरचा फाटा दाखवला. तोही वाटेवरच. मग नेवासे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो पैस खांब हाकेच्या अंतरावर असताना पुढे निघून जायचं म्हणजे... सासूबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. त्याची गरज नव्हती. पैठणचाही ठराव आला. नाथांची समाधी आणि पैठणी, दोन्ही मागण्या एकाच तोंडून. पण पैठण पलीकडे दक्षिणेला पन्नासेक किलोमीटर, त्यामुळे तो ठराव ‘परतताना बघू’ म्हणून तहकूब झाला. आमच्या घरात तहकूब म्हणजे मंजूर.

मुख्य बेत असा होता : शनिवार-रविवारी गर्दी असते म्हणून रविवारी फक्त प्रवास, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. साडूंना या बेताचा फार अभिमान होता. सगळी तिकिटं, हॉटेल, गाडी ठरल्यावर शाळकरी भाचीने मोबाइलवरून मान वर न काढता विचारलं, ‘‘काका, अजिंठा सोमवारी बंद असतं ना?’’ असतं. ‘‘आणि वेरूळ मंगळवारी.’’ तेही असतं. आठवड्याच्या सात दिवसांतून नेमकी ही जोडी काढायला सुद्धा एक प्रतिभा लागते. साडू शांतपणे उठले, पाणी प्यायले आणि दोन रकाने उलटसुलट केले.

त्यामुळे वेरूळला आम्ही सोमवारी पोचलो. वेरुळात घृष्णेश्वर आहे, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. सोमवारी महादेवाला आपल्याखेरीज आणखी कोण येणार, असं शीटला वाटलं असावं. अख्खा जिल्हा आला होता. सासूबाईंचा सोमवारचा उपास, त्यामुळे हा दिवस देवानेच बदलून दिला याबद्दल त्यांना शंका नव्हती. गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं. शर्टाच्या खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये शीट. तेव्हा साडू प्रथमच उघडे आणि वेळापत्रकाविना एका रांगेत उभे राहिले. त्या सबंध सहलीत त्यांचा चेहरा एवढा तजेलदार मी पुन्हा पाहिला नाही.

कैलास लेण्याला, म्हणजे सोळा नंबरला, शीटने पाऊण तास दिला होता. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर वरून खाली कोरत आणला. छिन्नी जास्त लागली तर दगड परत चिकटवायची सोय नाही. एका जुन्या मराठी कथेत याचं कारण दिलंय. राणीने नवस केला, राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत जेवणार नाही. पाया, भिंती असं करत शिखरापर्यंत जायचं तर राणी हाती लागायची नाही. तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने कामाचा क्रमच उलटा केला. आधी शिखर, राणीचं जेवण, मग बाकीचं देऊळ. सासूबाईंना ही गोष्ट इतकी आवडली की त्या साबुदाण्याची खिचडी घेऊन मंडपाबाहेरच्या सावलीत बसल्या आणि हलेनात. पाऊण तासाचे अडीच झाले. हत्ती, नंदी, कैलास हलवणारा रावण, सगळं त्या बैठकीमुळे नीट पाहता आलं. बाकीची तेहतीस लेणी जिथे होती तिथेच राहिली, आमच्यावाचून त्यांचं अडलं नाही.

दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी वाट मुलांना आवडली; इब्न बतूताने तिथल्या कोठडीतल्या मांजरापेक्षा मोठ्या उंदरांबद्दल लिहून ठेवलंय, हे ऐकल्यावर मोठ्यांना कमी आवडली. बीबी का मकबरा संध्याकाळी पाहिला. औरंगजेबाच्या मुलाने, आझमशहाने आईसाठी उभा केलेला. ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडायची तिथे प्रथा आहे. साडूंनी मुरडलं नाही, कारण खर्चाचा आकडा सांगतात तो सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. ‘‘सात आणे!’’ ते गहिवरून म्हणाले. ‘‘याला म्हणतात हिशेब.’’

मंगळवारी अजिंठा. शंभरेक किलोमीटर, आणि फर्दापूरला स्वतःची गाडी सोडून एसटीच्या बसने लेण्यांपर्यंत जायचं. या बसला शीटमध्ये रकाना नव्हता. पण अजिंठ्यात खरा धडा दहा नंबरच्या लेण्यात मिळतो. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि वाघाच्या नादात त्याला लेणी दिसली. तिथे त्याने खांबावर नाव आणि तारीख कोरली. त्या वेळी लेण्यात मलबा साचला होता, तो त्यावर उभा होता. म्हणून त्याचं नाव आज आपला हात पोचणार नाही इतकं उंच आहे. (हात पोचला असता तर शेजारी आणखी कोणाकोणाची नावं असती, हे सांगायला नको.) तुघलकाने सगळं ठरवलं आणि परत गेला. या माणसाने काहीच ठरवलं नव्हतं आणि त्याला अजिंठा मिळालं. साडूंना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘पण वाघ कुठे मिळाला?’’

तुघलकाच्या त्या खटाटोपातून शहराला एक गोष्ट मात्र लाभली म्हणतात, नान खलिया. त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ इथे आला असं गावात सांगतात. खाल्ल्यावर राजधानी हलवण्याचा निर्णय तितकासा वाईट वाटत नाही.

तेव्हा जाणार असाल तर माझं ऐका. अजिंठा-वेरूळ एका दिवसात दाखवतो म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करा. एका दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवा आणि एक संध्याकाळ पाणचक्कीवर वडाखाली काढा. तिथे चक्की पाण्याने फिरते, आपल्याला काही करावं लागत नाही. आणि बेताची सुरुवात बुधवारपासून करा. बुधवारी दोन्ही लेणी उघडी असतात.